गार कुशीची

"शिस्टर, हिला नाकच न्हाई."

तानूबाईनं बाहुली उताणी धरून सगळ्यांना दाखवली, आणि पंचायतीच्या खोलीत सतरंजीवर बसलेल्या अकरा सुइणी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

बाहुली मीच शिवली होती. जुन्या परकराचं कापड, आत कापूस, डोळ्यांच्या जागी दोन बटणं. लाल दोऱ्यानं तोंड काढलं होतं. नाक राहून गेलं होतं.

"नाक आहे असं समजायचं," मी म्हणाले.

"समजून कसं फुकायचं? पोराचं नाक आन तोंड दोनी आपल्या तोंडात बसाय पायजे म्हंता. मग नाक कुटं हाय ते नगं ठावं?"

रात्री कंदिलाशी बसून बाहुलीला तिसरं बटण लावलं आणि लावता लावता तानूबाईच्या नावानं चार शब्द पुटपुटले. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. कराडची पोर, नर्सिंगचा कोर्स करून सत्त्याऐंशी साली माणदेशातल्या वाघजळी नावाच्या गावी उपकेंद्रावर आलेली. पुस्तक पाठ, आवाज खणखणीत. समोरच्या बाराजणींपैकी एकीलाही लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळं मला अडवणारं कोणी नव्हतं. एक तानूबाई सोडून.

ती साठीची. अंगानं काटकुळी, पण पंजे पुरुषासारखे रुंद. आसपासच्या सात-आठ वाड्यांवरची अर्धी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. तरी ती मांगवाड्यातली, म्हणून घरात घ्यायची ती फक्त बाळंतपणापुरती, तीही परसदारानं. काम झालं की पाणी वरून ओंजळीत.

दुसऱ्या दिवशी मी वारेवर आले. बाळाच्या मागून पडणारी, नाळेनं बाळाला जोडलेली वार. त्या भागात एक रीत होती. बाळ जन्मल्यावर रडलं नाही, निपचित पडलं, तर नाळ कापायची नाही. वार पडेपर्यंत थांबायचं, ती पडली की निखाऱ्यावर धरायची. बाळाचा जीव वारेत अडकलेला असतो, तिला ऊब दिली की तो नाळेतून बाळात उतरतो, असा समज. एखादं बाळ तेवढ्यात आपलं आपण रडायचं, आणि नाव वारेचं व्हायचं.

"वार म्हणजे काय वांगं आहे का, निखाऱ्यावर भाजायला?" मी म्हणाले.

खोली हसून हसून लोळली. स्वतःच्या विनोदावर मी खूष झाले. तानूबाई मात्र हसली नाही. गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"मग तापवून जी आनली, ती पोरं?"

"ती आपली आपण आली असती."

"आन जी न्हाई आली?"

"त्यांना वेळेवर फुंकलं असतं, तर त्यातली बरीच वाचली असती."

भाजीचा भाव सांगावा तसं मी ते सांगितलं. तानूबाई खाली बसली. उरलेले दोन दिवस तिनं एकही प्रश्न विचारला नाही. शेवटच्या दिवशी सगळ्यांचे अंगठे झाले, जिलबी वाटली, प्रत्येकीला पत्र्याची पेटी मिळाली. आत नवी ब्लेडं, उकळलेला दोरा, साबण, कापडाच्या घड्या. मी अहवालात लिहिलं, 'प्रशिक्षण यशस्वीरीत्या पार पडले.'

दोन महिन्यांनी वाड्यांवर फिरले तेव्हा कळलं, पालथ्या घड्यावर पाणी. एकीच्या पेटीत पानसुपारी होती. एकीची पेटी नातवानं दप्तर म्हणून शाळेत नेली होती. साबण सगळ्यांचे संपले होते, ते धुण्याला. "करतो की, शिस्टर, तुमी सांगितल्यावानी करतो," असं सगळ्या म्हणायच्या, आणि त्यांच्या मागं चुलीजवळ वारेसाठीचं खापर तसंच पालथं ठेवलेलं दिसायचं.

तानूबाईकडं सगळ्यात शेवटी गेले. अंगणात ती गुडघे टेकून बसली होती. मांडीवर शेळीचं ओलं पिल्लू, आणि हिचं तोंड त्या पिल्लाच्या तोंडावर. कुडाच्या पलीकडून दोन बायका बघत होत्या.

"बगा वं शिस्टर, तानी शेरडाचं मुकं घेती!"

तानूबाईनं तिकडं लक्ष दिलं नाही. गाल फुगवून हलकेच फुंकर घातली, मान वर करून पिल्लाच्या बरगड्या बघितल्या, पुन्हा फुंकर घातली. पिल्लू शिंकलं. मग पाय झाडून उभं राहायला लागलं आणि पडलं. तिनं तोंड पुसलं.

"तिसरं हाय," ती म्हणाली. "आदीची दोन गेली. तोंड लांब आसतंय, माप बसत न्हाई. पर दम कुटवर जातोय ते कळतंय."

"कोणी सांगितलं हे करायला?"

"कुनी सांगाय कशाला पायजे? बाहुली काय मरत न्हाई, शिस्टर. जे मरत न्हाई त्याच्यावर शिकून काय उपेग?"

तिनं पिल्लू शेळीला लावलं आणि माझ्याशेजारी ओट्यावर येऊन टेकली.

"एक सांगू? पयलं पिल्लू निपचित पडलं तवा मी काय केलं ठावं हाय? उटले आन चुलीकडं गेले. इंगळ काढाय. शेरडाला! डोस्कं तुमचं ऐकतंय वं. पर हात सासूचं ऐकत्यात. सासू जाऊन वीस वर्सं झाली, तरी तिचंच ऐकत्यात."

मी हसले. ती हसली नाही.

"घाडग्यांच्या रंजीचं दिवस भरत आल्यात. तुमी या माझ्यासंगं. टायमाला हात धराय कुनीतरी पायजे."

"मी येईन," मी म्हणाले. "काळजी करू नका. मी आहे ना."

घाडग्यांचं घर मळ्यात होतं. महिन्यापूर्वी तिथं रंजीची नोंद करायला मी गेले होते, तानूबाई सोबत होती. रंजी एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण. तिची सासू अनसाक्का, घरावर तिचाच वचक. रंजीची नोंद झाल्यावर मी गोठ्याकडं बोट केलं. तिथं तिशीची एक बाई वैरण टाकत होती.

"त्या कोण?"

"ती व्हय? वच्छी. दत्तूची पयली बायकू."

"त्यांना मुलं किती?"

"तिचं नगा लिहू," अनसाक्का म्हणाली. "ती गार कुशीची हाय."

"म्हणजे?"

"म्हंजी गार कुशीची. एक पोरगी झाली, ती निपचित. वार तापवून तापवून हात भाजलं, पर ऊबच धरंना. आईच्या कुशीतच ऊब न्हाई तर वार तरी काय करील? सा वर्सं झाली. मग दत्तूला दुसरी केली."

वच्छी वैरण टाकत राहिली. हे तिला ऐकू जात होतं, आणि ऐकू जावं म्हणूनच अनसाक्का मोठ्यानं बोलत होती. रंजीच्या ओटीभरणाला वच्छीला चौकात येऊ दिलं नव्हतं. तिच्या हातचं पाणी पोटुशीनं पिऊ नये म्हणून रंजीची घागर वेगळी होती. हे सगळं वच्छीच पाळत होती, कोणी न सांगता. मी वहीत काही लिहिलं नाही. तानूबाई जमिनीकडं बघत होती. मला वाटलं, थकली असेल.

भाद्रपद संपता संपता, दुपारच्या वेळी, तानूबाई धापा टाकत उपकेंद्रावर आली. "चला, शिस्टर. रंजीला कळा सुरू झाल्या." मी पिशवी घेतली आणि आम्ही निघालो.

अंगणात बाजरीची कणसं वाळत घातली होती. दत्तू बाजाराला गेला होता. आतल्या खोलीत रंजी दोराला धरून बसली होती. अनसाक्का तिच्या पाठीशी. तानूबाईनं कोपरापर्यंत हात घासले, नखं घासली, पुन्हा घासले. ब्लेड, दोरा, कोरडी कापडं मांडून ठेवली. ही मांडणी मीच शिकवली होती, पण ती इतक्या शांतपणे करताना मी कोणाला पाहिलं नव्हतं. मलाही नाही.

तीन तास गेले. डोकं दिसायला लागलं आणि अडलं. रंजीचा जोर संपत आला. तानूबाई तिच्याशी बोलत होती, कधी दटावून, कधी लाडानं. "जोर लाव गं माझे बाय. आता एक. बास, आता एकच." अखेर बाळ बाहेर आलं. मुलगा होता.

तो रडला नाही.

अंगाचा रंग जांभळट. हात-पाय लोंबते. तानूबाईनं त्याला कापडावर घेतलं, पुसलं, पाठ चोळली, तळवे चोळले. बोटाला कापड गुंडाळून तोंडातला चिकटा काढला. काही नाही.

"वच्छे!" अनसाक्का ओरडली. "इंगळ आण!"

वच्छी आधीच तयार होती. निखाऱ्यांनी भरलेलं घमेलं तिनं उंबऱ्यापाशी ठेवलं आणि मागं सरली. आत यायची तिला बंदी होती. अनसाक्कानं घमेलं ओढून तानूबाईच्या गुडघ्याशी आणलं.

"जोर लाव, रंजे," तानूबाई म्हणाली. "वार पडू दे."

मी ते ऐकलं. काहीतरी बोलायला हवं होतं. त्यासाठीच तिनं मला आणलं होतं. डोळे मिटून मला सगळं आठवत होतं, पान आणि परिच्छेदासकट. मान किंचित मागं, तोंडानं तोंड आणि नाक झाकायचं, हवा गालातली, छातीतली नाही. हे मी बाहुलीवर पन्नास वेळा करून दाखवलं होतं. जिवंत बाळावर एकदाही नाही. दवाखान्यात असे प्रसंग आले तेव्हा डॉक्टर होते, मी ट्रे धरून उभी होते. आता नाळ कापायला घेतलेलं ब्लेड माझ्या हातात होतं. तानूबाईचा हात धरायचा सोडाच, मला माझा हात उचलता येत नव्हता.

आपण काय बोललो ते तानूबाईला स्वतःच ऐकू आलं असावं. तिचा हात नाळेवर होता. ती थांबली. एक क्षण, फार तर दोन. मग तिनं पाय लांब करून निखाऱ्यांचं घमेलं भिंतीकडं ढकललं. टाचेला चटका बसला असणार, पण तिनं पाय मागं घेतला नाही, पार कोपऱ्यात जाईपर्यंत रेटला.

"तानू! येडी झालीस का?" अनसाक्का किंचाळली. "वार पडंल आता! लेकरू जातंय!"

"गप बसा, आक्का."

घाडग्यांच्या घरात अनसाक्काला गप बसा म्हणणारं तोवर कोणी जन्मलं नव्हतं. तानूबाई वाकली. बाळाचं नाक आणि तोंड तिच्या तोंडात मावलं. गाल फुगले, बसले. छाती हलली नाही. तिनं मान एका बोटानं जराशी वर केली. पुन्हा फुंकर. आणि ती एवढीशी छाती उचलली गेली. तव्यावरची भाकरी फुगायला लागते ना, तशी, हळूच, एका बाजूनं आधी.

ती फुंकत राहिली. वर बघायची, छाती बसू द्यायची, पुन्हा वाकायची. तिला घाई नव्हती. अनसाक्का डोळे मिटून देवाचं नाव घेत होती, रंजी हुंदके देत विचारत होती, "काय झालं? काय झालं वं?" मी मनात आकडे मोजत होते, कारण तेवढंच मला जमत होतं. तीसपर्यंत मोजले. साठपर्यंत मोजले. मी मनातून बाळ सोडून दिलं होतं, खोटं कशाला बोलू?

मग छातीच्या मधोमध तांबूस ठिपका दिसला. आधी मला वाटलं, उन्हाचा कवडसा असेल. तो पसरायला लागला. पोटावर गेला, गळ्यावर आला. जांभळा रंग मागं हटत हटत हातापायांच्या टोकांशी गेला. तानूबाईनं तोंड बाजूला घेतलं आणि बाळानं स्वतःहून एक उचकी दिली. नंतर दुसरी. मग तोंड वाकडं करून, कोणीतरी झोपमोड केल्यासारखं, रागानं ओरडलं.

त्यानंतर एकतीस वर्षं नोकरी केली, शेकड्यांनी बाळं पाहिली. पण काही नव्हतं तिथं काहीतरी येताना इतक्या जवळून मी पहिल्यांदा तेव्हा बघितलं. नाळ बांधली, कापली ती तानूबाईनंच. ब्लेड तिनं माझ्या मुठीतून काढून घेतलं.

थोड्या वेळानं वार पडली. ती तिनं टोपल्यात घेतली. बाळ रंजीच्या छातीशी गेलं. रडणं ऐकून शेजारच्या मळ्यातल्या दोघी-तिघी अंगणात जमल्या होत्या. अनसाक्का दारात जाऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी, आणि आवाज नेहमीपेक्षाही मोठा.

"पोरगा झाला गं! गेलेला जीव माघारी आला! म्हनलं न्हवतं मी? रंजीची कूस ऊन हाय! उगं का दुसरी केली?"

अंगणातल्या बायका हसल्या. एकीनं गोठ्याकडं बघितलं.

"आक्का," आतून तानूबाई म्हणाली. "ही वार बगा."

"आता कशाला ती?"

"हात लावून बगा. इंगळ लावलाय का मी तिला?"

"न्हाई लावलास. लावायची गरजच पडली न्हाई. कूसच आशी..."

"कुशीचा काय संबंद न्हाई ह्यात." तानूबाई टोपलं घेऊन उभी राहिली. "ह्यो फुकून आनला. शिकलेली इद्या हाय ती. रंजीच्या कुशीचा ह्यात संबंद न्हाई. आन वच्छीवैनीच्या कुशीचा तवा बी नव्हता."

ती कुठं निघाली आहे हे मला तेव्हा कळलं. मी तिचा दंड धरला. हात धरायला आणलेली मी, शेवटी धरला तो असा.

"तानूबाई, आत्ता नको," मी कुजबुजले.

खरं सांगते, मला तिची भीती वाटली आणि माझीही. ही बाई आज अंगणात उभी राहून बोलली, तर सात-आठ वाड्यांवरच्या आया आपापली गेलेली बाळं मोजायला बसतील. हिला उद्यापासून कोण बोलावील? आणि मला तरी गावात कोण राहू देईल, या सगळ्याची सुरुवात करणारीला? यातला दुसरा विचार आधी आला होता.

"मग कवा, शिस्टर?" ती म्हणाली. "आनी सा वर्सांनी?"

तिनं दंड सोडवून घेतला, टोपलं खाली ठेवलं आणि परसदारानं न जाता पुढच्या दारानं, अनसाक्काला ओलांडून, अंगणात उतरली. वाळत घातलेल्या कणसांना वळसा घालून गोठ्याच्या दाराशी गेली. वच्छी तिथं शेणाची पाटी घेऊन उभी होती. तानूबाईच्या हातांवरचं रक्त अजून वाळलं नव्हतं.

"वच्छीवैनी, गार कुशीची ह्यो शबुद कुनी काढला ठावं हाय न्हवं?"

वच्छी तिच्या हातांकडं बघत राहिली.

"म्या काढला. सासूनं मला शिकीवला हुता, म्या तुमच्या कपाळाला लावला. ह्याच घरात, तुमची पोरगी मांडीवर आसताना." ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होती. "पोर हातात गेलं की कुनाचं तरी चुकलं म्हनावं लागतंय, वैनी. माझं चुकलं म्हनले आसते, तर दुसऱ्या दिशी मला कुनी दारात उबं केलं नसतं. म्हून तुमचं चुकलं म्हनले. तुमच्या कुशीला काय बी झालेलं न्हाई. मला येत न्हवतं. आन येत न्हाई ह्ये बी मला ठावं न्हवतं."

आतून तेवढं बाळ चोखत होतं, त्याचा आवाज येत होता.

अनसाक्का पायऱ्या उतरून आली. "म्हंजी तू मारलीस माझी नात?"

मी डोळे मिटले. मांगवाड्यातल्या बाईनं घाडग्यांच्या अंगणात या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं असतं, ते मला माहीत होतं. नाही म्हणायचं. पाया पडायचं. देवाची शपथ घ्यायची.

"व्हय, आक्का," तानूबाई म्हणाली. "पायजे तर तसं म्हना. गावभर म्हना. पर हिला आता तसं म्हनू नका."

अनसाक्काचं तोंड उघडं राहिलं. तिचा हात वर गेला होता, तो तसाच हवेत थांबला, मग डोक्यावरचा पदर सारखा करून खाली आला. ती पायरीवर बसली. आपण सहा वर्षं काय काय बोललो, ते तिला आठवत असावं.

प्रशिक्षण म्हणजे काय, ते मला त्या अंगणात समजलं. नवी गोष्ट शिकायला तानूबाईला चार दिवस लागले होते, शेळीची पिल्लं धरली तर तीन महिने. पण ती शिकलेली गोष्ट खरी मानायची, तर मागची चाळीस वर्षं उघडी करून दाखवावी लागत होती. बाकीच्या अकराजणींच्या पेट्यांत पानसुपारी का होती, ते मला आता कळत होतं. त्यांना मी ढिल्या समजत होते. त्या घाबरलेल्या होत्या.

वच्छीनं शेणाची पाटी खाली ठेवली.

"हलली हुती ती," ती म्हणाली. "रडली न्हाई, पर हलली हुती. माझ्या मांडीला लागलं हुतं. तानूबाई, म्या म्हनले हुते तुला, हलतिया म्हून."

"म्हनला हुता."

"मग मलाच वाटाय लागलं, भास झाला आसंल."

"भास न्हवता, वैनी. हलली हुती."

वच्छी मोठ्यानं रडेल, शिव्या देईल, तानूबाईच्या अंगावर धावून जाईल, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. तसं तिनं केलं असतं तरी कोणी अडवलं नसतं. तिनं लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं, दोन्ही डोळे पुसले.

"दाव मला," ती म्हणाली.

"काय?"

"कसं फुकत्यात, ते. मला शिकीव."

तानूबाई इतका वेळ ताठ उभी होती. आता तिचे खांदे पडले. ती भुईवर उकिडवी बसली आणि तिनं मान हलवली.

"मी कसली शिकीवनार, वैनी? मी आडानी. शिस्टर हायेत की. त्यांची इद्या हाय ती. त्यास्नी सगळं येतंय."

दोघींनी माझ्याकडं बघितलं. अंगणातल्या बायकांनी बघितलं. पांढरं पातळ, खांद्याला सरकारी पिशवी, पायात चप्पल. आल्यापासून मी या गावात हेच ऐकत आले होते, त्यांना सगळं येतंय, आणि मान डोलवत आले होते. आत्ताही फक्त मान डोलवायची होती. आत मी काय केलं ते बाळाशिवाय आणि तानूबाईशिवाय कोणाला ठाऊक होतं? रंजीनं पाहिलं नव्हतं. अनसाक्काचे डोळे मिटलेले होते.

"मला येत नाही," मी म्हणाले.

मी पुन्हा म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी जिवंत बाळावर कधी केलेलं नाही. आत मी नुसती उभी होते. हे तानूबाईंना येतं. मलाही त्यांच्याकडून शिकायचंय."

मी पिशवी पायरीवर ठेवली आणि गोठ्यापाशी जाऊन वच्छीच्या शेजारी उभी राहिले.

तानूबाई आम्हा दोघींकडं बघत राहिली. मग उठली. हौदावर जाऊन कोपरापर्यंत हात घासले, नखं घासली, पुन्हा घासले, आणि ओल्या हातानंच खूण करून तिनं आम्हाला समोर बसायला सांगितलं.